आतून बाहेर रिकामा होत जाणारा अणू

निऑनच्या अणूत दहा इलेक्ट्रॉन असतात. दोन अगदी आत, के-कवचात, केंद्रकाला घट्ट बांधलेले. उरलेले आठ बाहेर. बाहेरचा सर्वांत सैल इलेक्ट्रॉन सोडवायला २१.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) पुरतात. आतल्या दोघांपैकी एकाला काढायचं तर ८७० लागतात. आता या अणूवर हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा क्ष-किरण फोटॉन, म्हणजे क्ष-किरणाचा एक कण, आला, तर कोणता इलेक्ट्रॉन उडेल? जो सैल आहे तो आधी जाईल असं वाटतं, पण बहुतेक वेळा उडतो तो आतला. मोकळ्या इलेक्ट्रॉनला फोटॉन गिळताच येत नाही, कारण ऊर्जा आणि संवेग या दोन्हींचा हिशोब एकदम जुळत नाही. संवेग सोपवायला जवळ काहीतरी जड लागतं. के-कवचातल्या इलेक्ट्रॉनला केंद्रक हाताशी असतं. बाहेरचा इलेक्ट्रॉन मात्र क्ष-किरणाच्या लेखी जवळजवळ मोकळाच असतो.

आत पडलेली ही रिकामी जागा फार काळ टिकत नाही. निऑनमध्ये ती सरासरी २.४ फेम्टोसेकंदांत भरते. (एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे एक फेम्टोसेकंद.) बाहेरचा एक इलेक्ट्रॉन आत उतरतो, आणि उतरताना सुटलेली ऊर्जा बाहेरच्याच दुसऱ्या एका इलेक्ट्रॉनला देऊन त्याला अणूबाहेर काढतो. हीच ऑजे प्रक्रिया. लीझ माइटनर यांनी १९२२ मध्ये आणि पिएर ऑजे यांनी १९२३ मध्ये तिची नोंद केली. त्यामुळे हल्ली तिला ऑजे-माइटनर म्हणतात, आणि ते न्याय्य आहे. निऑनमध्ये क्ष-किरण बाहेर टाकून जागा भरण्याचा दुसरा मार्ग शंभरातून जेमतेम दोनदा घेतला जातो. म्हणजे एका फोटॉनला साधारण दोन इलेक्ट्रॉन, असा दर पडतो.

क्ष-किरणांचा शोध लागल्यापासून शंभरहून अधिक वर्षं गोष्ट इथंच संपत होती. दवाखान्यातली क्ष-किरण नळी असो की इंदूरच्या इंडस-२ सारखा सिंक्रोट्रॉन, एका अणूनं एक फोटॉन घेतला की तो सावरून शांत होईपर्यंत त्याच अणूवर दुसरा फोटॉन येण्याची शक्यता नगण्य असते. सारं क्ष-किरण अणुविज्ञान ‘एक अणू, एक फोटॉन’ या गृहीतावर उभं राहिलं, आणि ते गृहीत पुरतंही होतं. पहिला फोटॉन पचायच्या आत दुसरा आला, तिसरा आला, तर काय, हा प्रश्न कागदावर विचारता येत होता. प्रयोगशाळेत त्याची सोय नव्हती.

ती सोय २००९ मध्ये झाली. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये स्लॅक ही प्रयोगशाळा आहे. तिथल्या तीन किलोमीटरच्या जुन्या रेषीय त्वरकाचा शेवटचा एक किलोमीटर वापरून एलसीएलएस हा क्ष-किरण लेझर उभा केला गेला. त्या एप्रिलमध्ये त्यातून पहिला लेझर प्रकाश निघाला, आणि ऑक्टोबरमध्ये त्यावरचा पहिलाच प्रयोग झाला. तो निऑनवर होता. अमेरिकेतल्याच आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या लिंडा यंग यांच्या नेतृत्वाखाली झालेला हा प्रयोग २०१० च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झाला. या विषयात नंतर बरंच भव्य काम झालं आहे, तरी माझ्या मते आजही सुरुवात याच प्रयोगापासून करावी. निऑन एवढा साधा आहे की कागदावर त्याचा पूर्ण हिशोब मांडता येतो, आणि तरीही नव्या वागणुकीच्या साऱ्या खुणा त्यात दिसतात.

आधी यंत्राविषयी थोडं. प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलेला इलेक्ट्रॉनांचा घट्ट पुंजका अनड्युलेटरमधून, म्हणजे उलटसुलट लावलेल्या चुंबकांच्या १३० मीटर रांगेतून, नागमोडी जातो. चुंबकांच्या एका आवर्तनाची लांबी ३ सेंटीमीटरची. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ४.३ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट असली तर सापेक्षतेमुळे त्या ३ सेंटीमीटरची आकसून सुमारे १.५ नॅनोमीटरची तरंगलांबी होते. वाटेत इलेक्ट्रॉन स्वतःच सोडलेल्या प्रकाशाच्या प्रभावाखाली पातळ चकत्यांमध्ये रचले जातात आणि मग सगळे एका तालात प्रकाश देऊ लागतात. सुरुवात मात्र पुंजक्यातल्या यादृच्छिक विषमतेपासून होते, म्हणून प्रत्येक स्पंद, म्हणजे प्रकाशाचा एकेक क्षणिक झोत, वेगळा निघतो. या मुद्द्याकडे पुढं परत यावं लागेल.

आता हिशोब. एका स्पंदात सुमारे २ मिलिजूल ऊर्जा. हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनांत मोजली तर बारा लाख कोटींच्या आसपास फोटॉन. वक्र आरशांनी ते साधारण एक मायक्रॉन रुंदीच्या ठिपक्यावर गोळा केले, की दर चौरस अँगस्ट्रॉमला, म्हणजे जवळपास एका अणूएवढ्या जागेला, एक लाख फोटॉन पडतात. निऑनच्या के-कवचाचा काटछेद, म्हणजे फोटॉनसाठीचं लक्ष्य, एका चौरस अँगस्ट्रॉमच्या दोन-तीन हजारांश एवढा छोटा आहे. तरी एक लाखाला त्यानं गुणून पाहा: कित्येक शोषणांना पुरेल एवढा मारा होतो. आरशांवर होणारी घट धरली तरी दोन शोषणांमधलं अंतर फेम्टोसेकंदावर येतं, आणि ऑजेला २.४ फेम्टोसेकंद लागतात. दोन घड्याळं प्रथमच बरोबरीनं चालू लागली.

तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला एकावर अठरा शून्ये इतक्या वॅटची. हा आकडा ऐकून दृश्य किंवा अवरक्त लेझर वापरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येईल. तसल्या लेझरांवर मुंबईत टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेतही वर्षानुवर्षं काम चालू आहे. एवढ्या तीव्रतेला ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशात इलेक्ट्रॉन लाटेबरोबर असा झोकांडतो, की त्या झोक्याची सरासरी ऊर्जा ६० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट होते. प्रकाशाचं क्षेत्रच अणूची भिंत वाकवून इलेक्ट्रॉन ओढून काढतं. ही झोक्याची ऊर्जा तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून एक नॅनोमीटरच्या क्ष-किरणात, तेवढ्याच तीव्रतेला, ती ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टही भरत नाही. क्षेत्र एवढ्या झपाट्यानं दिशा बदलतं की इलेक्ट्रॉनला हलायला सवडच मिळत नाही. त्यामुळे इथं ओढाताण नाही. एकेक फोटॉन रांगेनं गिळला जातो आणि मधल्या वेळात अणू जमेल तसा सावरतो.

यंग यांच्या प्रयोगात फोटॉनची ऊर्जा तीन ठिकाणी ठेवली होती, आणि त्या निवडीतच प्रयोगाचं खरं शहाणपण आहे. पहिली ८००, म्हणजे के-कवचाच्या ८७० च्या उंबरठ्याखाली. आतले दोन इलेक्ट्रॉन सुरक्षित. फोटॉन बाहेरचेच एकेक काढतात. आठ फोटॉन, आठ इलेक्ट्रॉन, आणि ८+ वर, म्हणजे आठ इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेवर, थांबा.

दुसरी १०५०. इथं तटस्थ अणूचं के-कवच उघडं आहे. आतला एक गेला, ऑजेनं आणखी एक गेला, पुन्हा आतला, पुन्हा ऑजे. मात्र इलेक्ट्रॉन जाऊ लागले की उरलेल्यांवर केंद्रकाची पकड वाढते आणि उंबरठा वर सरकतो. पाच-सहा इलेक्ट्रॉन गेल्यावर १०५० चा फोटॉन आतल्याला पुरत नाही. तिथून पुढं बाहेरचे उरलेसुरले दोन-तीनच काढता येतात, आणि इथंही शेवट ८+ वरच. निऑन ८+ मधून पुढचा इलेक्ट्रॉन काढायला ११९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि त्याच्या पुढचा, शेवटचा काढायला १३६२.

तिसरी २०००. हा फोटॉन कोणत्याही अवस्थेतल्या निऑनच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनला पुरेसा आहे. फोटॉन, ऑजे, फोटॉन, ऑजे असे चार फेरे झाले की बाहेरचे आठही इलेक्ट्रॉन संपतात. आतली जागा मात्र दर वेळी भरलेली असते, कारण ती भरायलाच बाहेरचे खर्च झाले. उरतात आतले दोन, ते शेवटच्या दोन फोटॉनांना जातात. सहा फोटॉन आणि चार ऑजे, दहाच्या दहा इलेक्ट्रॉन बाहेर, नुसतं केंद्रक शिल्लक. हे सगळं एकाच स्पंदाच्या आत. अणू आतून बाहेर रिकामा होत जातो. ८०० वर तो बाहेरून आत सोलला जात होता. फोटॉनची ऊर्जा तेवढी बदलली आणि क्रमच उलटला.

त्याहून सूक्ष्म गोष्ट स्पंदाच्या लांबीत दडलेली आहे. पहिला आतला इलेक्ट्रॉन गेल्यावर, ऑजेनं ती जागा भरायच्या आत दुसराही गेला तर के-कवच पूर्ण रिकामं होतं. बाहेर आठ इलेक्ट्रॉन शाबूत आणि आत कोणीच नाही: हा पोकळ अणू. गंमत अशी की अशा अणूला क्ष-किरण जवळजवळ दिसेनासे होतात, कारण त्यांना शोषणारे मुख्यतः दोघेच होते, ते गेले. विहिरीत झऱ्यांना पाणी भरायला वेळ लागतो. उपसा त्याहून जोरात केला की पोहरा रिकामाच वर येतो. इथला झरा म्हणजे ऑजे. त्यामुळे ऊर्जा तेवढीच ठेवून स्पंद आखूड केला तर अणूचं नुकसान कमी होतं. नायट्रोजनच्या रेणूंवर एलसीएलएसमध्येच हे दिसलं. त्या कामात स्पंद ४ पासून २८० फेम्टोसेकंदांपर्यंतचे वापरले होते आणि आखूड स्पंदांनी सरासरी कमी इलेक्ट्रॉन काढले. प्रथिनांची चित्रं क्ष-किरण लेझरनं घेणाऱ्यांसाठी हे मोलाचं आहे. नमुना उद्ध्वस्त व्हायच्या आत त्याचं विवर्तन टिपायचं, ही कल्पना २००० पासून मांडलेली होती. अणू स्वतःच काही काळ पारदर्शक होऊन तिला हातभार लावतो.

हे सगळं मोजायचं कसं? निर्वात कक्षात निऑनची बारीक धार सोडायची, ठिपका तिच्यावर पाडायचा, तयार झालेले आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, विद्युतक्षेत्रानं ढकलून शोधकापर्यंत धावायला लावायचे आणि वेळ मोजायचा. वस्तुमान भागिले प्रभार, या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात तो वेळ असतो. जास्त प्रभाराचे आयन आधी पोचतात. तत्त्व एवढं सोपं आहे, आणि फसायच्या जागाही इथंच आहेत.

पहिली जागा म्हणजे २ हा आकडा. निऑन-२० चे दहाही इलेक्ट्रॉन गेले की गुणोत्तर येतं २०/१०, म्हणजे २. हायड्रोजन रेणूच्या आयनाचं गुणोत्तरही २. कक्षात कितीही पंप लावले तरी थोडा हायड्रोजन आणि थोडी पाण्याची वाफ राहतेच. भरीला, सगळे इलेक्ट्रॉन गमावलेले कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे सगळे नेमके २ वरच येतात, आणि २००० इलेक्ट्रॉन व्होल्टचा स्पंद उरलेल्या हवेचीही तीच गत करतो. म्हणजे ज्या शिखरावर सगळ्यांची नजर, तेच सर्वांत अविश्वसनीय. सुटका निऑनच्या दुसऱ्या समस्थानिकात आहे. नैसर्गिक निऑनमध्ये साधारण ९ टक्के निऑन-२२ असतो, आणि त्याचं केंद्रक २.२ वर येतं, जिथं कोणी उपरा नसतो. शेजारी २.२२ वर निऑन-२० चं ९+ उभं असतं. वेळेतला फरक अर्ध्या टक्क्याचा. तेवढं वेगळं दाखवणारा मापक नसेल तर हा मार्ग बंद.

दुसरी अडचण ठिपक्याच्या कडांची. मध्यभागी तीव्रता प्रचंड, कडेला झपाट्यानं उतरत जाणारी, आणि कडेचा भाग आकारमानानं नेहमी मोठा. म्हणून वर्णपटात १+ आणि २+ ची गर्दी कायम असते. मधल्या अणूंनी काय केलं ते या गर्दीतून गणितानं वेगळं काढावं लागतं. धार रुंद असेल तर गर्दी आणखी वाढते. वायू दाट असेल तर आयन एकमेकांना ढकलतात आणि शिखरं पसरतात. शोधकही निःपक्ष नसतो. जास्त प्रभाराचा आयन जास्त ऊर्जेनं आदळतो, म्हणून तो अधिक खात्रीनं मोजला जातो. हा कल आधी तपासून दुरुस्त केला नाही तर उंच प्रभार फुगलेले दिसतात.

मग स्पंदांचा चंचलपणा. दर स्पंदाची ऊर्जा वेगळी, रंगही किंचित वेगळा. उपाय एकच: वाटेत नायट्रोजन वायूच्या नळीतून स्पंद नेऊन त्याच्या चमकेवरून प्रत्येकाची ऊर्जा नोंदवायची आणि नंतर आयनांची मोजणी त्या नोंदींप्रमाणे गटवार लावायची. सगळ्यांची सरसकट सरासरी काढली तर अरेषीय परिणाम पुसून जातात. अनड्युलेटरमधून मूळ रंगाच्या तिप्पट ऊर्जेचे थोडे फोटॉनही येतात. ८०० सोबत २४०० आले की आतलं कवच फोडतात आणि उंबरठ्याखालचा प्रयोग नासतो. तिरप्या कोनातले आरसे एवढी ऊर्जा परावर्तित करत नाहीत, म्हणून ही भेसळ बरीच गाळली जाते.

स्पंदाच्या लांबीचं तर अणूंनीच सांगितलं. इलेक्ट्रॉन पुंजका ८० फेम्टोसेकंदांचा धरला तर आयनांचं प्रमाण गणिताशी जुळेना. जुळलं ते क्ष-किरणांचा स्पंद २० ते ४० फेम्टोसेकंदांचा मानल्यावर. पुंजक्याचा सगळाच भाग प्रकाश देत नव्हता. मोजमापाचं साधन आणि मोजायची वस्तू यांची अदलाबदल झाली, आणि ती विश्वसनीय ठरली, कारण निऑनचा हिशोब पक्का होता.

जड अणूंकडे वळलं की हाच हिशोब आवाक्याबाहेर जायला लागतो. निऑनच्या प्रत्येक उपकवचात किती इलेक्ट्रॉन उरले याच्या शक्यता ३ × ३ × ७, म्हणजे ६३. प्रत्येकीसाठी एक समीकरण, आणि ती एकत्र सोडवायची. झेनॉनची आतली दोन कवचं बाजूला ठेवून उरलेल्यांसाठी हाच गुणाकार केला तर ११,२०,५८१ अवस्था येतात, आणि प्रत्येकीचा काटछेद व ऑजे-वेग स्वतंत्र काढावा लागतो. हँबुर्गमध्ये संग-किल सोन आणि रॉबिन सांत्रा यांनी त्यासाठीच मोन्टे कार्लोची वाट धरली. सगळ्या अवस्था सोडवत बसायचं नाही. फाशांप्रमाणे वाट निवडत अणू हजारो वेळा रिकामा करायचा आणि सरासरी पाहायची.

झेनॉननं तरीही चकवलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २००० इलेक्ट्रॉन व्होल्टला झेनॉन ३२+ पर्यंत गेला, गणिताप्रमाणेच. १५०० ला, म्हणजे कमी ऊर्जेच्या फोटॉनांनी, तो ३६+ पर्यंत पोचला. सरळ फोटॉन-ऑजे हिशोबानं तिथं २६+ च्या आसपास थांबायला हवं होतं. कारण अनुनादात सापडलं. प्रभार वाढत गेला की पातळ्या खोल सरकतात आणि वाटेत त्यांच्यातली अंतरं नेमकी १५०० च्या जवळ येतात. मग फोटॉन इलेक्ट्रॉनला बाहेर काढू शकला नाही तरी वरच्या रिकाम्या पातळीत उचलून ठेवतो. असे दोन-तीन उचललेले इलेक्ट्रॉन असले की एक खाली पडतो आणि त्याच्या ऊर्जेनं दुसरा बाहेर जातो. स्पंदाचा रंग थोडा पसरट असल्यानं एकाच स्पंदात अशा अनेक पायऱ्या सापडतात. मला ही या क्षेत्रातली सर्वांत शिकवणारी गोष्ट वाटते: फोटॉनची ऊर्जा वाढवली की नुकसान वाढेलच, असं धरून चालता येत नाही.

रेणूत आणखी एक वळण आहे. मिथिल आयोडाइडवर ८३०० इलेक्ट्रॉन व्होल्टचे स्पंद टाकून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात आयोडीन ४७+ पर्यंत गेला, आणि सगळ्या रेणूनं मिळून ६२ पैकी ५४ इलेक्ट्रॉन गमावले. क्ष-किरण शोषतो तो मुख्यतः आयोडीन. तो रिकामा होऊ लागला की शेजारच्या मिथिल गटाचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि ते आले की पुन्हा शोषण. तेवढ्याच माऱ्याखाली एकटा झेनॉन अणू ४८+ वर थांबतो. चित्र घेताना प्रथिनात कुठं आयोडीन किंवा सेलेनियम बसवला असेल, तर त्याच्या शेजाऱ्यांचं काय होणार हे एकट्या अणूच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही.

दोन फोटॉन एकदम गिळण्याची गोष्टही निऑनवरच सिद्ध झाली. निऑन ८+ ला ११९६ लागतात. १२२५ च्या फोटॉनांनी ९+ ची संख्या तीव्रतेच्या सरळ प्रमाणात वाढली. १११० च्या, म्हणजे अपुऱ्या फोटॉनांनी ती वर्गाच्या प्रमाणात वाढली. ही दोन फोटॉनांच्या एकत्र शोषणाची स्वाक्षरी.

निऑनवरच्या या प्रयोगांत स्पंद ऑजेपेक्षा लांबच होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात एलसीएलएसवर ०.३ फेम्टोसेकंदाहून आखूड स्पंद दाखवले गेले, म्हणजे निऑनच्या २.४ च्या कितीतरी आत. ऑजे सुरू व्हायच्या आधीच स्पंद संपलेला असतो. मग आतली जागा कशी भरते हे दोन स्पंदांमधलं अंतर बदलत पाहता येतं. २०२३ च्या सप्टेंबरपासून तिथं नव्या अतिवाहक त्वरकाचा प्रकाशही आहे. जुना १२० स्पंद एका सेकंदाला देत असे. नव्याचा आराखडा दहा लाखांचा आहे. विरळ घटना, उदाहरणार्थ एकाच अणूतून निघालेले आयन आणि इलेक्ट्रॉन जोडीनं पकडणं, त्यामुळे शक्य होतात. पण स्पंदांमधलं अंतर मायक्रोसेकंदावर आलं की निऑन १+ सारखे संथ आयन शोधकापर्यंत पोचायच्या आत पुढचा स्पंद येऊन गेलेला असतो, आणि त्याच्या वेगवान १०+ च्या शिखरात हे मागचे आयन मिसळतात. उड्डाणाची नळी आखूड केली तर आयन लवकर पोचतात, पण २.२ आणि २.२२ वेगळे दिसेनासे होतात. सध्या तरी गरजेप्रमाणे स्पंद गाळून दर खाली आणणं हाच खात्रीचा उपाय आहे.